विश्लेषण : संगणकाचे घड्याळ वारंवार का चुकते? सेल बदलण्यापूर्वी काय तपासावे?

सकाळी दुकान उघडून संगणक सुरू केला, पहिले बिल छापले आणि त्यावर पंधरा वर्षांपूर्वीची तारीख आली. किंवा बँकेचे संकेतस्थळ उघडायला गेले, तर ब्राउझर म्हणतो, ‘तुमचे घड्याळ मागे आहे.’ तारीख दुरुस्त करावी, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. जुन्या संगणकांच्या बाबतीत हा अनुभव नवा नाही. अशा वेळी कुणी व्हायरसचा संशय घेतो, कुणी विंडोज नव्याने टाकून घेतो, तर कुणाला थेट मदरबोर्ड बदलण्याचा सल्ला मिळतो. प्रत्यक्षात अनेकदा हे दुखणे बोर्डावरच्या एका छोट्या सेलचे असते आणि तो बहुतेक ठिकाणी शंभर रुपयांच्या आत मिळतो. मात्र प्रत्येक वेळी दोष सेलचाच असतो असेही नाही. घड्याळ नेमके कसे आणि केव्हा चुकते हे नीट पाहिले, तर खर्च करण्याआधीच कारण कळू शकते.

संगणक बंद असताना वेळ कोण मोजते?

मदरबोर्डवर एक स्वतंत्र घड्याळ असते. त्याला ‘रिअल टाइम क्लॉक’ म्हणतात. या घड्याळाचा ठोका क्वार्ट्झच्या स्फटिकातून येतो. मनगटी क्वार्ट्झ घड्याळातही असाच स्फटिक असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या विचित्र वाटली तरी ती मुद्दाम निवडलेली आहे. तिला सलग १५ वेळा निम्मे केले की बरोबर १ उरतो, म्हणजेच एक सेकंद मिळतो. निम्मे करण्याचे हे काम अगदी साध्या मंडलाला जमते आणि त्याला वीजही नगण्य लागते.

संगणकाचा वीजपुरवठा बंद असताना ही वीज बोर्डावरचा नाण्यासारखा गोल सेल पुरवतो. याच सेलवर पूर्वीपासून ‘बायोस’च्या सेटिंगही टिकवल्या जातात. ही माहिती ‘सीमॉस’ प्रकारच्या स्मृतीत राहत असल्याने त्याला ‘सीमॉस बॅटरी’ हे नाव पडले. नव्या बोर्डांत बऱ्याच सेटिंग वेगळ्या कायमस्वरूपी चिपमध्ये राहतात. त्यामुळे सेल संपल्यावर सेटिंग शाबूत आणि फक्त तारीख गेली, असेही घडू शकते.

ही सोय सुरुवातीपासून नव्हती. १९८१च्या मूळ आयबीएम पीसीमध्ये सेलवर चालणारे घड्याळ नव्हते. संगणक सुरू केला की तारीख आणि वेळ वापरणाऱ्याने टाकायची, अशी पद्धत होती. १९८४च्या ‘पीसी एटी’ या प्रारूपात मोटोरोला कंपनीची घड्याळाची चिप आणि तिला जोडलेली बॅटरी आली. आजच्या संगणकांतील व्यवस्था त्याच रचनेची वारस आहे.

मग स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसते ते घड्याळ कोणते?

ते दुसरे घड्याळ. संगणक सुरू होताना विंडोज किंवा लिनक्स बोर्डावरच्या घड्याळाची वेळ वाचून घेते आणि त्यानंतर स्वतःची मोजणी स्वतः करते. इंटरनेट मिळाले की एखाद्या वेळ-सर्व्हरला विचारून ती मोजणी अधूनमधून दुरुस्तही करून घेते.

निदानाच्या दृष्टीने ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. संगणक बंद करून पुन्हा सुरू केल्यावर वेळ चुकत असेल, तर बोट बोर्डावरच्या घड्याळाकडे जाते. संगणक सुरू असताना वेळ मागे-पुढे सरकत असेल, तर आधी विंडोजच्या सेटिंग तपासायला हव्यात. तिथे सेल बदलून काहीच हाती लागत नाही.

इंटरनेटमुळे एक घोटाळाही होतो. सेल कधीचाच संपलेला असतो, पण संगणक सुरू होताच नेटवरून वेळ दुरुस्त होते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. ज्या दिवशी नेट बंद असते, त्या दिवशी हा दोष उघडा पडतो.

घड्याळ कसे चुकते, यावरून काय ओळखावे?

चुकीची तऱ्हा पाहिली की कारणाचा अंदाज येतो.

*तारीख एकदम कित्येक वर्षे मागे जाते.* बोर्ड तयार करणाऱ्याने घड्याळाला एक आरंभीची तारीख ठरवून दिलेली असते. वीज पूर्ण तुटली की घड्याळ तिथून मोजायला लागते. सोबत काळ्या पडद्यावर ‘सीमॉस चेकसम एरर’ किंवा ‘डेट अँड टाइम नॉट सेट’ असा संदेश आणि पुढे जाण्यासाठी ‘एफ-१’ दाबण्याची सूचना येत असेल, तर सेल संपल्याची शक्यता सर्वाधिक.

*संगणक जितका वेळ बंद होता, साधारण तितकेच घड्याळ मागे असते.* म्हणजे बंद असताना घड्याळ थांबते. सेल क्षीण झाला आहे किंवा त्याचा खोबणीतील पत्र्याशी नीट स्पर्श होत नाही.

*फरक बरोबर साडेपाच तासांचा असतो.* इथे सेल निर्दोष आहे. भारतीय प्रमाणवेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील, तर विंडोज बोर्डावरच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहिते आणि लिनक्स सहसा जागतिक वेळ लिहिते. दोघांच्या या ओढाताणीत साडेपाच तासांची तफावत येते. लिनक्सच्या सेटिंगमध्ये बोर्डाचे घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला सांगितले की प्रश्न मिटतो.

*फरक अर्ध्या तासाचा, १५ मिनिटांचा किंवा साडेतेरा तासांचा असतो.* विंडोजमध्ये दुसऱ्याच देशाचा वेळ-विभाग निवडला गेला आहे. कराचीचा विभाग निवडला तर अर्ध्या तासाचा, काठमांडूचा निवडला तर १५ मिनिटांचा आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा निवडला तर ऋतूनुसार साडेबारा किंवा साडेतेरा तासांचा फरक पडतो. भारतासाठीचा पर्याय ‘चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली’ या नावाने असतो.

*महिन्याला मिनिटभराचा फरक पडतो.* हा बिघाड नव्हे. अशा स्फटिकांत दहा लाखांत २० इतकी चूक गृहीत धरलेली असते. त्यामुळे दिवसाला पावणेदोन सेकंद आणि महिन्याला ५०-५२ सेकंद इकडे-तिकडे होऊ शकतात. हे स्फटिक साधारण २५ अंश सेल्सिअसला सर्वांत अचूक चालतात. तापमान ४५ अंशांवर गेले की घड्याळ दिवसाला आणखी सव्वा सेकंदाच्या आसपास मागे पडते. विदर्भातल्या मे महिन्यात, पंखा धुळीने भरलेल्या सीपीयूच्या आत हे सहज घडू शकते.

खात्री करण्यासाठी सोपी चाचणी कोणती?

यासाठी एक रात्र पुरते. संध्याकाळी बायोसमध्ये जाऊन तारीख-वेळ बरोबर लावावी. बहुतेक संगणकांत सुरू होताना ‘डिलीट’ किंवा ‘एफ-२’ दाबल्यावर बायोस उघडते. बदल जतन करून संगणक बंद करावा, नेटची वायर काढावी आणि भिंतीवरचे मुख्य बटणही बंद करावे. सकाळी संगणक सुरू करताना विंडोजपर्यंत न जाता थेट बायोस उघडून तिथली वेळ मोबाइलशी ताडून पाहावी.

बायोसमधली वेळ बरोबर आणि विंडोजमधली चूक, तर दोष सेटिंगचा. बायोसमधलीच वेळ चूक असेल, तर दुसऱ्या रात्री हीच चाचणी मुख्य बटण सुरू ठेवून करावी. बटण सुरू असताना वेळ बरोबर राहिली, तर सेल किंवा त्याची खोबण दोषी. बटण सुरू ठेवूनही घड्याळ मागे पडले, तर स्फटिक किंवा बोर्डावरच्या मंडलात बिघाड असण्याची शक्यता वाढते.

मुख्य बटणाचा सेलशी काय संबंध?

संगणक बंद केला तरी भिंतीवरचे बटण सुरू असेल, तर पॉवर सप्लायमधून बोर्डाला थोडी वीज मिळत राहते. घड्याळ तेव्हा त्या विजेवर चालते आणि सेल जवळपास विश्रांती घेतो. आपल्याकडे काम संपले की मुख्य बटण बंद करण्याची सवय आहे. विजेची बचत आणि सुरक्षितता या दृष्टीने ती चांगलीच, पण तेवढा वेळ घड्याळाचा भार सेलवर येतो.

बोर्डावर सर्वाधिक वापरला जाणारा सेल ‘सीआर २०३२’. या आकड्यातच त्याचे माप आहे : व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर. हा तीन व्होल्टचा लिथियम सेल असून त्याची क्षमता साधारण २२० मिलिअँपिअर-तास असते. घड्याळाला काही मायक्रोअँपिअर एवढीच वीज लागते. तीन मायक्रोअँपिअर धरले, तर सततच्या वापरातही हिशेबाने आठ वर्षे निघतात. प्रत्यक्षात उष्णता, दमट हवा आणि सेलचा दर्जा यांमुळे हा काळ कमी होतो.

शाळा-महाविद्यालयांच्या संगणक कक्षांत हा दोष जूनमध्ये डोके वर काढतो, त्याचेही कारण हेच. उन्हाळ्याच्या सुटीत दीड-दोन महिने मुख्य बटण बंद असते. एकाच वेळी खरेदी केलेल्या संगणकांचे सेल साधारण एकाच सुमारास म्हातारे होतात आणि शाळा उघडताच अनेक संगणकांवर जुनी तारीख दिसू लागते.

तारीख चुकली तर बिघडते काय?

वरवर क्षुल्लक वाटणारी ही चूक महागात पडू शकते. सुरक्षित संकेतस्थळांकडे असलेल्या डिजिटल प्रमाणपत्राला ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. संगणक २००९ सालात असेल, तर आजचे प्रमाणपत्र त्याच्या लेखी अजून सुरूच झालेले नसते. मग बँक, विवरणपत्र किंवा अर्ज भरण्याची संकेतस्थळे उघडत नाहीत. निविदा भरताना लागणाऱ्या डिजिटल स्वाक्षरीलाही हाच नियम लागू आहे. अशा वेळी ब्राउझरचा इशारा डावलून पुढे जाणे धोक्याचे. आधी घड्याळ दुरुस्त करणे हाच योग्य मार्ग.

हिशेबाच्या कामात चुकीच्या तारखेची बिले आणि नोंदी नंतर निस्तरणे त्रासाचे असते. फायली क्लाउडवर किंवा दुसऱ्या डिस्कवर आपोआप उतरवणाऱ्या काही प्रणाली ‘नवी फाइल कोणती’ हे तारखेवरून ठरवतात. आज केलेल्या कामावर २००९ची तारीख पडली, तर तेच जुने ठरून कालची फाइल त्यावर बसण्याचा धोका असतो. कार्यालयांतील विंडोज नेटवर्कमध्ये सर्व्हर आणि संगणक यांच्या वेळेत पाच मिनिटांहून अधिक फरक पडला, तर लॉग-इनच नाकारले जाऊ शकते.

सीसीटीव्हीचे चित्रण साठवणाऱ्या अनेक यंत्रांतही असाच सेल असतो. चोरी किंवा अपघातानंतर चित्रण मिळाले, पण त्यावरची वेळ चुकीची निघाली, तर त्याचा उपयोग घटतो. सायबर गुन्ह्यांच्या तपासातही वेगवेगळ्या यंत्रांवरील नोंदींच्या वेळा जुळवाव्या लागतात. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत सेवा पुरवठादार, कंपन्या आणि सरकारी संस्थांनी आपल्या यंत्रणांची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळ-सर्व्हरशी जुळवून ठेवावीत, असे म्हटले आहे. नवी दिल्लीतील ही प्रयोगशाळाच भारतीय प्रमाणवेळ राखते.

सेल काढण्यापूर्वी कोणती काळजी घ्यावी?

सेल बदलणे पाच मिनिटांचे काम आहे, पण त्याआधीची तयारी चुकली तर संगणक उघडेनासा होऊ शकतो. म्हणून बायोस उघडून प्रत्येक पानाचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. हार्ड डिस्कची पद्धत, संगणक सुरू होण्याचा क्रम आणि सुरक्षेच्या सेटिंग यांची नोंद विशेष महत्त्वाची. सेल काढल्यावर या गोष्टी मूळपदावर गेल्या, तर विंडोज सुरू होत नाही आणि डिस्कच गेली असा गैरसमज होतो. जुन्या सेटिंग परत लावल्या की संगणक सहसा पूर्ववत होतो.

दुसरी गोष्ट ‘बिटलॉकर’ची. डिस्क या सुविधेने कुलूपबंद असेल, तर बायोसमधील बदलांनंतर विंडोज ४८ अंकी ‘रिकव्हरी की’ मागू शकते. ती बहुधा वापरकर्त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन असते. कार्यालयीन संगणकाची कार्यालयाकडे असते. हे अंक हाताशी नसतील तर सेलला हात लावू नये. महत्त्वाच्या फायलींची दुसरी प्रत आधीच काढून ठेवावी.

सेल बदलायचा कसा?

संगणक बंद करून प्लग पूर्ण काढावा आणि पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे; त्याने आत उरलेली वीज निघून जाते. सीपीयूच्या पत्र्याला हात लावून अंगातील स्थिर विद्युतभार उतरवावा. पॉवर सप्लायची पेटी मात्र कधीही उघडू नये.

बोर्डावर चकचकीत गोल सेल सहज दिसतो. खोबणीच्या कडेची छोटी पट्टी हलकेच बाजूला दाबली की तो वर येतो. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटताना पट्टी तुटली किंवा बोर्डावर ओरखडा गेला, तर स्वस्तातले काम महाग होते. मल्टिमीटर असेल तर जुना सेल मोजावा. नव्या सेलचा दाब तीन व्होल्टच्या किंचित वर असतो; २.८ व्होल्टच्या खाली गेलेला सेल बदललेला बरा. खोबणीत धूळ किंवा हिरवट थर असेल तर कोरड्या मऊ ब्रशने साफ करावा.

नव्या सेलच्या वेष्टनावरील तारीख पाहून घ्यावी. आडव्या खोबणीत सहसा ‘अधिक’ चिन्ह आणि अक्षरे असलेली बाजू वर येते; तरीही जुना सेल कसा बसवला होता, हे आधी पाहून ठेवावे. सेल बसवताना दोन्ही बाजूंना बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून तो कडेने धरावा. त्यानंतर बायोसमध्ये तारीख-वेळ लावावी, छायाचित्रांशी ताडून सेटिंग पुन्हा घालाव्यात, जतन करावे आणि एका रात्रीची चाचणी परत घ्यावी. विंडोजमध्ये ‘वेळ आपोआप लावा’ हा पर्याय सुरू करावा. फरक वर्षांचा असेल, तर आधी तारीख हाताने बरोबर करून मग नेटवरून वेळ जुळवणे सोयीचे.

लॅपटॉपमध्येही हाच सेल असतो का?

अनेक लॅपटॉपमध्ये असतो, पण तो प्लॅस्टिकच्या आवरणात गुंडाळून दोन वायरींनी बोर्डाला जोडलेला असतो. काही नव्या लॅपटॉपमध्ये वेगळा सेलच नसतो. घड्याळ मुख्य बॅटरीवर चालते. अशा यंत्रात बॅटरी पूर्ण उतरल्यावर तारीख जाणे शक्य आहे. काही जुन्या लॅपटॉपमध्ये चार्ज होणारा छोटा सेल असायचा. त्या जागी चार्ज न होणारा ‘सीआर’ सेल लावला, तर तो फुगण्याचा किंवा फुटण्याचा धोका असतो. म्हणून सेलवर जो क्रमांक लिहिला आहे, तोच सेल घ्यावा. जमत नसेल तर हे काम तंत्रज्ञाकडे सोपवावे.

नवा सेल घालूनही घड्याळ थांबले तर?

आधी सेल जुन्या साठ्यातला नाही ना, हे मल्टिमीटरने तपासावे. मग खोबणीतल्या पट्टीचा ताण पाहावा. ती सैल पडली असेल तर चांगला सेलही बेकार. त्यानंतर बोर्डावरचा ‘क्लिअर सीमॉस’ जम्पर. तीन पिनांपैकी दोन पिनांवर बसणारी ही छोटी टोपी कुणी दुरुस्तीच्या वेळी चुकीच्या जागी सोडली असेल, तर साठवलेली माहिती टिकत नाही. बायोसची नवी आवृत्ती काही वेळा घड्याळाचे दोष दूर करते, पण ती टाकताना वीज गेली तर बोर्डच निकामी होऊ शकतो.

नवा सेल काही दिवसांत किंवा आठवड्यांत उतरत असेल, तर बोर्डावर कुठेतरी वीज झिरपते आहे. द्रव सांडणे, दमट हवेने गंजणे किंवा एखादा भाग निकामी होणे ही त्याची नेहमीची कारणे. स्फटिक बदलणे किंवा झिरप शोधणे हे डाग देता येणाऱ्या कुशल कारागिराचे काम आहे. संगणक जुना असेल आणि दुरुस्ती परवडत नसेल, तर तो सुरू होताच नेटवरून वेळ जुळवून घेणे हा तात्पुरता उपाय आहे. मात्र बिले, स्वाक्षऱ्या आणि हिशेब ज्यावर होतात, त्या संगणकावर या तडजोडीवर विसंबू नये.

जुन्या सेलचे काय करावे?

बदलल्यानंतर टेबलावर राहिलेला सेल लहान मुलांसाठी फार घातक आहे. २० मिलिमीटरचा हा सेल मुलाने गिळला तर अन्ननलिकेत अडकू शकतो आणि तिथल्या ओलाव्यात दोन तासांच्या आत गंभीर जखम करू शकतो. संगणकासाठी संपलेला सेलही ही इजा करण्याइतपत जिवंत असतो. मुलाने सेल गिळल्याचा नुसता संशय आला, तरी उलटी करवण्याचा प्रयत्न न करता ताबडतोब रुग्णालय गाठावे.

काढलेल्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावावी, म्हणजे इतर धातूंना लागून तो तापणार नाही. घरच्या कचऱ्यात न टाकता तो ई-कचरा किंवा बॅटरी संकलन केंद्रात द्यावा. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांत असे छोटे सेलही येतात. बदललेल्या सेलची तारीख एका चिठ्ठीवर लिहून सीपीयूच्या आतल्या बाजूस चिकटवली, तर पुढच्या वेळी घड्याळ मागे पडल्यावर नवा सेल किती दिवस टिकला हे लगेच कळेल आणि बोर्डावर शंका घ्यायची की नाही, हेही ठरवता येईल.